बॅक्युला: जॉब स्टोरेजपाशी लटकतो

प्रश्न: डेबियन लिनक्सवर बॅक्युला (बॅकअपचं सॉफ्टवेअर). बीकन्सोलमध्ये (बॅक्युलाला आज्ञा द्यायचा कन्सोल) क्लायंटचं (ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या मशीनचं) स्टेटस नीट येतं, पण बॅकअप जॉब सुरू केला की स्टोरेजची वाट बघत बसतो. क्लायंटवर पोर्ट 9102 उघडं आहे.

– 9102 फक्त डायरेक्टरसाठी (जॉब चालवणारा मुख्य प्रोग्रॅम). डेटा क्लायंट स्वतःच स्टोरेज डीमनच्या (बॅकअप साठवणारा प्रोग्रॅम) पोर्ट 9103 वर नेऊन देतो. डायरेक्टरच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेजचा अ‍ॅड्रेस लोकलहोस्ट (म्हणजे ‘हेच मशीन’) ठेवलाय का? मग क्लायंट स्वतःचंच दार ठोठावतोय! सर्व्हरचा खरा आयपी टाका.

– शिवाय स्टोरेज डीमनच्या कॉन्फिग फाइलमधला, तो कुठल्या पत्त्यावर ऐकतो ते सांगणारा एसडीअ‍ॅड्रेस 127.0.0.1 (म्हणजे लोकलहोस्टच) असेल, तर तोही बदला. बीकन्सोलचं रीलोड फक्त डायरेक्टरपुरतं. स्टोरेज डीमन रीस्टार्टच करावा लागतो.

– आधी क्लायंटवरून नेटकॅटने (पोर्टला जोडणी होते का तपासायचं साधन) सर्व्हरचं 9103 लागतं का बघा. डायरेक्टरवरून तपासून उपयोग नाही.