उन्हाळा आणि गच्चीवरचे वाफे : तुमचे अनुभव लिहा

कुंड्यांबद्दल आपण खूप बोलतो. हा धागा फक्त वाफ्यांसाठी. विटा रचून, फळ्या जोडून किंवा क्रेट शेजारी-शेजारी मांडून केलेला, वीतभर ते हातभर खोलीचा वाफा. आणि काळ फाल्गुनातल्या उन्हापासून मृगाच्या पावसापर्यंतचा. काय तगलं, काय गेलं, पाणी कुठून आणलं, सावली कशाची केली, स्लॅबवर काय परिणाम झाला, सगळं लिहा. गावाचं नाव मात्र हवंच. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा मे यांत एकच सल्ला चालत नाही.

सुरुवात मीच करते.

पुणे

आमचा वाफा तीन फूट रुंद, सहा फूट लांब. विटा नुसत्या रचलेल्या, सिमेंट नाही, म्हणजे जास्तीचं पाणी फटींतून निघून जातं आणि कधी हलवायचं म्हटलं तरी हलवता येतं. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीवाल्याकडून आणलेली उसाची चिपाडं, त्यावर दाबून दाबून सुका पाला, आणि सगळ्यात वर चार-सहा बोटं कंपोस्ट आणि माती. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पाल्याचे ढीग लागतात आणि कुणीतरी ते पेटवतं, याचा मला फार त्रास होतो. ब्राऊन लीफसारख्या चळवळीमुळे आता ज्यांच्याकडे पाला आहे आणि ज्यांना तो हवा आहे, त्यांची गाठ पडते. माझा वर्षभराचा पाला तिथूनच जमतो.

उन्हाळ्यात मी झाडाकडे कमी आणि मातीकडे जास्त बघते. भर दुपारी वाफ्यावरचा पाला हाताने बाजूला केला की वरचा थर कुरकुरीत, त्याखालचा मऊ, आणि त्याही खाली ओली काळी माती, तिच्यात बुरशीचे पांढरे धागे. बोट आत घातलं तर गार लागतं. शेजारच्या उघड्या कुंडीत तेच बोट चटकतं. चार बोटं जाडीचं आच्छादन असेल तर भेंडी, गवार, चवळी, माठ एवढ्या गोष्टी मे महिनाभर आरामात चालतात. पाणी सकाळी ऊन चढायच्या आत, झारीने, आणि मुळाशी.

नागपूर

ताई, आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथे नुसत्या आच्छादनानं भागत नाही. सावली पाहिजेच. आम्ही ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावतो, पण झाडांवर टेकवत नाही. डोक्याच्या वर, सहा-सात फुटांवर ताणतो, म्हणजे खालून हवा खेळते. पश्चिमेकडून मात्र जाळी खालपर्यंत सोडलेली, कारण दुपारनंतरचं ऊन आणि लू तिकडूनच येते. कठड्याला चिकटून वाफा करू नका. रात्री नऊलाही ती भिंत तापलेली असते.

टमाटर होळीनंतर फुलं गाळतं. झाड हिरवंगार दिसतं आणि फळ एकही नाही, म्हणून लोक खत घालत बसतात. खताचा संबंध नाही. दिवसाचं तापमान ३५ च्या पुढे आणि रात्रही गरम राहिली की परागकण निकामी होतात, फळधारणाच होत नाही. सांभारही (कोथिंबीर) मार्चनंतर लावू नका, चार पानं आली की फुलावर जातो. त्या जागी चवळाई (माठासारखी पालेभाजी) टाका, तिला ऊन मानवतं, पंधरा-वीस दिवसांत खुडायला येते.

आणखी एक. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाफ्यात ओतू नका. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत जातात. पानांच्या कडा जळलेल्या दिसल्या की आधी हेच तपासा.

छत्रपती संभाजीनगर

आमचा प्रश्न पाण्याचा. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा रोज झारीने पाणी ही चैन आम्हाला परवडत नाही. आम्ही मडकी पुरतो. कुंभाराकडचं साधं, बिनरंगी, बिनपॉलिशचं मडकं गळ्यापर्यंत वाफ्यात गाडायचं, पाण्यानं भरायचं, वर झाकणी ठेवायची, नाहीतर डास होतात. माती जितकी कोरडी तितकं पाणी मडक्याच्या अंगातून झिरपतं. माती ओली असेल तर झिरपणं आपोआप मंदावतं. काकडी, दोडका, वांगं मडक्याभोवती गोल लावलं की मुळं मडक्याला जाळीसारखी लपेटून बसतात. हंगाम संपल्यावर मडकं उपसून बघा, बघण्यासारखं असतं.

भाज्या-डाळी धुतलेलं पाणी सगळं वर जातं. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मी निम्मं साधं पाणी मिसळून देतो, आणि पालेभाजीला देतच नाही. पावसाळ्यात दोन-चार जोराचे पाऊस पडले की साठलेले क्षार धुऊन जातात, तोवर जपून. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी अजिबात नाही.

मुंबई

मी इमारतींच्या संरचनेचं काम करते, म्हणून भाराबद्दल लिहिते. कृपया हे वाचल्याशिवाय कुणी माती वर चढवू नका.

राहत्या इमारतीची वापरातली गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखतात. आता हिशेब करा: एक चौरस मीटर वाफा, ३० सेंटिमीटर खोल, नुसत्या मातीने भरला आणि पाणी दिलं, की तो ५०० किलोच्या आसपास जातो. पाला, शेंड्या, चिपाडं, कोकोपीट असा हलका भराव घातला तर वजन बरंच खाली येतं, पण ओल्या अवस्थेतलंच वजन मोजायचं. मी एका बादलीत तोच भराव ओला करून काट्यावर ठेवते आणि त्यावरून हिशेब करते. वाफा नेहमी तुळईच्या रेषेवर किंवा भिंतीच्या माथ्यावर. स्लॅबच्या मध्यावर कधीच नाही. जुनी इमारत असेल तर प्रत्यक्ष तपासणी करून घ्या, अंदाजावर जाऊ नका. सोसायटीची लेखी परवानगीही घ्या.

वाफा थेट कोब्यावर नको. खाली विटांचे ठोकळे, वर फळ्या किंवा पॅलेट, म्हणजे वाफ्याखालून पाणी वाहतं आणि गळती आहे की नाही ते वाकून बघता येतं. आमच्या इमारतीत एकाने वॉटरप्रूफिंग केल्या केल्या त्यावर माती पसरली आणि खालच्या घराच्या छताला ओल आली, त्यातून दोन्ही घरांचं बोलणं थांबलं. बागेमुळे शेजार तुटू नये असं मला मनापासून वाटतं.

मुंबईत मुळात हे नवं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली, ती बघून कितीतरी जणांनी घरी सुरुवात केली.

कोल्हापूर

वरच्या प्रतिसादाला जोडून. या सगळ्याचं मूळ आमच्या गावात आहे हे अभिमानानं सांगतो. श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारानं घराघरांतल्या कचऱ्यातून, थोड्याशा जागेत, मोजून-मापून भाजी पिकवायची सवय लावली. आमच्या वडिलांनी त्यातूनच वही ठेवायला सुरुवात केली: कुठल्या तारखेला काय पेरलं, किती पाणी घातलं, किती तोडणी झाली. ती वही आता मी लिहितो. तिच्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो, हिवाळी वांगं उपटून टाकू नका. फेब्रुवारीअखेर जमिनीपासून हातभर ठेवून छाटा, बुडाला शेणखत द्या. उन्हाळ्यात खोडव्याची वांगी मिळतात, कारण मुळं आधीच खोल गेलेली असतात.

ठाणे

दुधीला फुलं भरपूर, फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडतं आणि गळतं. काय करावं?

रत्नागिरी

ठाण्याच्या ताईंसाठी. तुमच्या गच्चीवर किडे पोचत नसणार. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे सकाळी जाऊन उपयोग नाही. दिवेलागणीला वर जा. ज्या फुलामागे इवलासा लवदार दुधी दिसतो ती मादी, नुसत्या लांब देठाचा तो नर. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतला परागांचा गोंडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागली की समजा काम झालं. फळ धरलं असेल तर चार-पाच दिवसांत देठ जाड होतो आणि दुधी खाली वाकतो. दोडक्यालाही संध्याकाळच. कारली-काकडी मात्र सकाळी.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आळी करून पडवळ, दोडकी, काकडी, भोपळा यांच्या बिया घालायची रीत आहे. पाऊस येईतो वेल मांडवावर चढलेले असतात. वाफ्यातही आम्ही तोच मुहूर्त पाळतो. तळाला सोडणं, म्हणजे नारळाच्या शेंड्या, कोकणात त्यांना तोटा नाही. उष्मा आहे पण हवा दमट असल्यामुळे वाफा लवकर सुकत नाही. आमचं खरं संकट माकडांचं. जाळीचा पूर्ण पिंजरा केल्याशिवाय काकडी हाती लागत नाही.

फोंडा, गोवा

तांबड्या भाजीबद्दल (लाल माठ) कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, पिकणारी ही भाजी गच्चीवरही तितकीच छान होते. बी राखेत मिसळून विखरायचं, वरून माती लोटायची नाही, नुसतं हाताने थोपटायचं; मुंग्या बी नेतात, राखेमुळे त्या लांब राहतात. सोबत आमच्या गोव्यातल्या सांत इस्तेव गावची सात शिरांची भेंडी. ती लांब झाली तरी कोवळी राहते, म्हणून एक दिवस तोडायला चुकलं तरी वाया जात नाही. दोन्हींचं बी मी दर वर्षी घरचंच धरते. कुणाला हवं असेल तर पाकिटातून पाठवीन.

सोलापूर

भेंडीची पानं वरून पांढुरक्या ठिपक्यांनी भरली आहेत, खाली बारीक जाळं दिसतं. गंधक मारू का?

पुणे

दादा, थांबा. हे लाल कोळी आहेत, कोरड्या उन्हाळ्यात ते हमखास येतात. एवढ्या उन्हात गंधक मारलं तर पानं करपतील. जास्त माखलेली पानं काढून पिशवीत बंद करून टाका. बाकीच्यांना सकाळी लवकर पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा द्या, दोन-तीन दिवसांआड. निंबोळी तेल वापरायचंच असेल तर ऊन उतरल्यावर. आणि झाड उन्हानं सुकलेलं असताना काहीच फवारू नका, आधी पाणी.

दुबई

इथे मे ते सप्टेंबर वाफा रिकामा ठेवावा लागतो, मराठी मंडळी सगळी ऑक्टोबरमध्ये पेरतात. पण रिकामा म्हणजे उघडा नाही. मी त्यावर खजुराच्या झावळ्या अंथरते, खाली शेणखत, आणि आठवड्यातून एकदा ओल देते. तसं केलं नाही तर माती वाळूसारखी होते आणि पुढच्या हंगामात पाणी धरत नाही.

मुंबई

मघाशी राहून गेलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीवरच्या पाण्याच्या तोंडांवरचा पाला, माती, सुतळ्या काढून टाका आणि जाळीचं झाकण बसवा. जाळीची सावली पहिल्या वादळी पावसाच्या आधी उतरवा, वाऱ्यात ती खांबांसकट उडते. वाफ्यांवरचं आच्छादन मात्र तसंच राहू द्या, नाहीतर वळवाच्या थेंबांनी वरची माती उडून थेट त्याच तोंडांत जाऊन बसते.