हिमालयातल्या एखाद्या गावात राहून आलात का? (अनुभव धागा)

कुळीथपिठी

सिमला-मनाली आणि नैनिताल-मसुरीवर पुष्कळ लिहून झालंय. मला ऐकायचंय ते गावांबद्दल. जिथे मॉल रोड नाही आणि जिथे तुम्ही कुणाच्या तरी घरात निदान दोन रात्री काढल्यात, असं गाव. फोटोत न आलेलं लिहा. बेत फसला असेल तर ते आधी लिहा. सुरुवात मीच करते.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघी बहिणी उत्तराखंडात मुनस्यारीजवळच्या सरमोलीत तीन रात्री होतो. इथे बरीच वर्षं गावातल्या बायकाच पाहुण्यांना घरात ठेवून घेण्याचा व्यवसाय चालवतात. २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने उत्कृष्ट पर्यटन गाव म्हणून त्याची निवडही केली. दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस, पहाटे काठगोदाम, पुढे जीप. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुणे-कोल्हापूरहून थोडं जास्त, पण अख्खा दिवस जातो. बिर्थीच्या धबधब्यापाशी बहिणीला तिसऱ्यांदा उलटी झाली. "तू जा पुढे, मी इथेच संन्यास घेते," म्हणाली.

कालामुनीची खिंड ओलांडली की पंचाचूलीची शिखरं समोर येतात. पांडवांनी स्वर्गाला निघण्याआधी शेवटचा स्वयंपाक केला त्या या पाच चुली, असं तिथे सांगतात. चूली म्हणजे आपली चूलच. पण मला जास्त आठवते ती दीदींच्या, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंच्या, घरातली चूल. पहिल्या रात्री ताटात काळपट भाकरी आणि घट्ट वरण आलं. बहिणीने एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, ही नाचणी आहे." मंडुवा म्हणजे नाचणी. आणि वरण गहतचं, म्हणजे चक्क कुळथाचं! आमची आजी संगमेश्वरकडची. तिच्या मते कुळथाने मुतखडा विरघळतो. मी कौतुकाने विषय काढला, तर मी पुरतं सांगायच्या आत दीदी म्हणाल्या, "पथरी में बहुत अच्छी होती है."

दुसऱ्या दिवशी दीदी गवत कापायला निघाल्या. हिवाळ्याची वैरण भरून ठेवायचे दिवस होते. आम्ही हौसेने मागे. अर्ध्या तासात माझ्या तळहाताला फोड आला आणि मी कापलेलं गवत त्यांना पुन्हा सारखं करावं लागत होतं. शेवटी त्यांनी माझ्या हातातला विळा काढून घेतला. "आप फोटो लो." अपमान वगैरे नाही वाटला. खरंच मधे मधे येत होतो.

थंडीवाज

फसलेला बेत हवाय ना? घ्या. स्पिती, २०१९, जून संपता संपता. चार मित्र, सहा दिवसांची रजा, त्यामुळे घाई. सिमल्याकडून किन्नौरमार्गे गेलं की उंची हळूहळू वाढते. आम्ही 'शहाणे', म्हणून मनालीहून निघालो, साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडली, रात्री काझा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थेट लांग्झा. लांग्झा ४४०० मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६. करा हिशोब.

गाव बघून भान हरपतं. डोक्यावर बर्फाचं शिखर, बुद्धाची मोठी मूर्ती, खाली मटारची हिरवी शेतं. ही सगळी जमीन कधीकाळी टेथिस समुद्राच्या तळाशी होती, त्यामुळे पायाखालच्या दगडांत शंखांचे जीवाश्म सापडतात. कुणी विकायला आणले तर घेऊ नका, ते डोंगरातच राहू द्या. घरमालकांनीही पहिल्या चहाला हेच बजावलं.

संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. मला वाटलं ऊन लागलं. जेवण नको झालं, मग उलट्या, मग दोन पायऱ्या चढून दम लागला. मित्र म्हणत होते, झोप, सकाळी बरं वाटेल. घरमालकांच्या मुलाने माझ्याकडे एकदा बघितलं, गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाला, "नीचे. अभी." रात्री दहाला काझा. तिथे दवाखान्यात प्राणवायू लावला, सकाळी माणसात आलो. उंचीच्या त्रासावर खरा उपाय खाली उतरणं हाच, हे मी वाचलेलं होतं. वेळ आली तेव्हा ते आठवलं मात्र त्या मुलाला.

आता हलकं काहीतरी. तिथलं कोरडं शौचालय! वरच्या मजल्यावर मातीची जमीन, मधे चौकोनी भोक, कोपऱ्यात फावडं. कार्यभाग उरकला की वरून माती लोटायची. खाली साठलेलं खत शेतात जातं. हिवाळ्यात नळ गोठतात तिथे दुसरं करणार काय? वास अजिबात नाही. पण रात्री विजेरी त्या भोकात पडली तर ती तिथलीच झाली म्हणून समजा. (हो, माझीच.)

रिकामटेकडा

माझं दोन ओळींत. बद्रीनाथहून ३ किलोमीटरवर माणा. कमानीवर पूर्वी 'भारताचं शेवटचं गाव' होतं, आता 'पहिलं गाव' आहे. जूनमध्ये गेलो, तर व्यासगुंफेला रांग, गणेशगुंफेला रांग, भीमपुलावर सेल्फीची रांग. शेवटच्या चहाच्या दुकानातही रांगच. दारात बसून लोकर विणणाऱ्या बायका मान वर करत नव्हत्या, आणि मीही केली नसती. धाग्याच्या नियमात मी बसत नाही, तिथे एकही रात्र काढली नाही. जायचंच तर सप्टेंबरअखेर जा. नोव्हेंबरात मंदिराची कवाडं मिटली की गावकरीसुद्धा गुरंढोरं घेऊन खाली उतरतात.

अर्धातिकीट

आईबाबा सत्तरीचे, त्यामुळे आम्ही कल्पा निवडलं. २९६० मीटर, रस्ता थेट गावात, आणि वाटेत रामपूरला एक मुक्काम. एप्रिल होता, सफरचंदाला फुलं यायला लागली होती. बाबा दोन दिवस खिडकीतून हलले नाहीत. समोर किन्नर कैलासची रांग, हातात चहा. मी म्हणाले, फिरून येऊ. ते म्हणाले, "हेच तर फिरणं चाललंय."

त्यांना बाहेर काढलं ते शाळेने. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार श्याम सरन नेगी याच गावचे. देशात बहुतेक ठिकाणी १९५२ च्या सुरुवातीला मतदान झालं, पण तोवर किन्नौर बर्फाखाली जाईल म्हणून इथे आधी घेतलं, २५ ऑक्टोबर १९५१ ला. नेगी शिक्षक होते. २०२२ च्या नोव्हेंबरात गेले, त्याच्या दोन-तीन दिवस आधी त्यांनी घरून टपाली मतदान केलं होतं. बाबांनी स्वतः निवडणुकीच्या किती ड्युट्या केल्या असतील! शाळेच्या फाटकासमोर ते चप्पल काढून उभे राहिले. आई म्हणाली, "अहो, देऊळ नाहीये ते." बाबांनी ऐकलं नाही.

घाटावरचा

छितकुल. बास्पा नदीकाठचं, सांगला खोऱ्यातलं शेवटचं गाव, ३४५० मीटर. दोन रात्रींसाठी गेलो, पाच राहिलो. सप्टेंबरात अवकाळी पाऊस झाला आणि खाली रस्त्यावर दरड आली. याच खोऱ्यात २०२१ च्या जुलैत बटसेरीजवळ दगड कोसळून ९ पर्यटक गेले होते, त्यामुळे 'बघू, निघू' म्हणायची कुणाची छाती नव्हती. वीज नाही, फोन नाही. पहिला दिवस मी साहेबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी साहेब विसरलो.

मालक बटाटे काढत होते, मी पोती धरली. मालकीणबाई ओगल्याच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाची धिरडी घालत होत्या. आमच्या हिने तवा बघून सांगितलं, घावनच आहे हे. गावाबाहेर सीमा पोलिसांच्या चौकीवर एक जवान भेटला. माझं हिंदी ऐकून हसला आणि म्हणाला, "कुठलं गाव, पाव्हणं?" गडहिंग्लजकडचा निघाला. अर्धा तास आम्ही दोघं फक्त तांबड्या रश्श्यावर बोलत होतो.

आता कडू भाग. निघताना मालकांनी जादा तिन्ही दिवसांचं पूर्ण भाडं लावलं, पोती धरल्याची सूट नाही. ही जराशी फुरंगटली. मलाही आत कुठेतरी लागलं, खोटं का बोला? पहाडी माणसं भोळी असतात, हे आपणच घरून ठरवून नेलेलं असतं. त्यांचा हंगाम मोजून पाच-सहा महिन्यांचा, पुढे गाव बर्फात. गडबडीने मुक्काम वाढवल्यावर लोणावळ्याचं हॉटेल मला सूट देणार होतं का?

पौडीची सून

वाचतेय सगळं, छान लिहिलंय. मी मूळची नगरची, लग्न होऊन गढवालात आले, आता देहरादूनला असतो. सासरचं गाव पौडी जिल्ह्यात, रस्त्यापासून तासभर चढ. सासूबाई एकट्या तिथे राहतात, खाली यायला तयार नाहीत. आमच्या वाडीत पूर्वी अकरा चुली पेटायच्या, आता तीन. २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडातल्या दोनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, अल्मोडा आणि आमचं पौडी. पुढे राज्याच्या पलायन (म्हणजे स्थलांतर) आयोगाने २०१८ मध्ये सांगितलं की २०११ नंतर आणखी ७३४ गावं ओस पडली.

दोन वर्षांपूर्वी पुण्याची माझी मैत्रीण नवऱ्यासोबत चार दिवस येऊन गेली. कोरीव लाकडाची तिबारी, म्हणजे ओसरी, बघून तिचा जीव हरखला. "काय शांतता आहे गं!" हे वाक्य मी सासूबाईंना हिंदीत सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, आता भांडायलासुद्धा कोणी नाही. रानडुकरं आणि माकडं शेत ठेवत नाहीत, बिबट्याच्या धाकाने संध्याकाळी पाचला दार लागतं. मैत्रिणीने मात्र एक शहाणपणा केला. रोज दुपारी सासूबाईंपाशी बसून त्यांना हवं ते बोलू दिलं, भाषा निम्मी कळत नसताना. त्या अजून विचारतात, तुझी ती जाड भिंगवाली कधी येणार?

तेव्हा या जरूर. फक्त येताना प्लॅस्टिकच्या बाटल्या आणू नका, नेणारी घंटागाडी येत नाही. आणि सकाळी 'गरम पाणी' असा पुकारा करण्याआधी ते पाणी आणि लाकूड किती लांबून येतं, ते एकदा बघून या.

थंडीवाज

@पौडीची सून, भांडायलासुद्धा कोणी नाही, हे वाचून थांबलो जरा.

नवखी

धागा वाचून सरमोली नक्की करतेय, मे महिन्यात. सोबत सासूबाई आहेत आणि त्यांना गाडी लागते. काही उपाय?

कुळीथपिठी

@नवखी, आमची चूक करू नका. काठगोदामहून एका दिवसात मुनस्यारी गाठायचा हट्ट सोडा. बागेश्वर किंवा चौकोडीला एक रात्र थांबा, हिमशिखरं चौकोडीहूनही दिसतात. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा, पोटात थोडं कोरडं खाणं, आणि आलेपाक. मे महिन्यात दुपारनंतर ढग येतात, पंचाचूली पहाटेच बघून घ्या. आणि भाकरी थापता येत असेल तर दीदींना सांगू नका. मी सांगितलं होतं. तिसऱ्या रात्री सगळ्यांच्या भाकऱ्या माझ्याकडे लागल्या, आणि मंडुव्याचं पीठ आपल्या नाचणीपेक्षा जास्त तडकतं, एवढंच म्हणते.