गर्भातील बाळाच्या तोंडात गाठ आहे. बाळंतपण कोठे करावे?

प्रश्न (खानापूर तालुका): माझ्या वहिनीला 28 वा आठवडा चालू आहे. दिवसांच्या मानाने पोट फार मोठे दिसते म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा गर्भजल वाढलेले आणि बाळाच्या तोंडातून लिंबाएवढी गाठ बाहेर आलेली दिसली. ‘टेराटोमा’ (अनेक प्रकारच्या पेशींची मिळून झालेली गाठ) असावा, असे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. घरातील वडीलधारी मंडळी ग्रहण पाळले नाही म्हणून तिलाच बोल लावीत आहेत. हा कर्करोग आहे का? तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपण केले तर चालेल का?

उत्तर (बेळगाव, नवजात अतिदक्षता विभागातील परिचारिका): ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे घरात स्पष्ट सांगावे. बाळ पोटात असताना गर्भजल गिळत असते. गाठीमुळे ते गिळता येत नाही, म्हणून पाणी वाढते. नवजात बाळांतील अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. खरा धोका श्वासाचा आहे. पोटात बाळाला नाळेतून प्राणवायू मिळतो, त्यामुळे नाळ कापेपर्यंत ते सुरक्षित असते, आणि कापल्यानंतर मात्र हाताशी काही मिनिटेच उरतात. म्हणून ‘एक्झिट’ नावाच्या पद्धतीत आईला खोल भूल देऊन गर्भाशय सैल ठेवतात, बाळाचे डोके व खांदे तेवढे बाहेर काढतात, आणि वार (नाळेतून बाळाला रक्त पुरवणारा अवयव) काम करीत असतानाच श्वासनलिकेत नळी घालतात. नळी जात नसेल तर गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करतात. नाळ त्यानंतर कापतात. गर्भाशय सैल राहिल्याने आईला रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्त आधीच तयार ठेवावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी हे होणे नाही.

उत्तर (निपाणी): माझ्या मुलीच्या वरच्या हिरडीवर जन्मतःच बोराएवढी गाठ होती आणि तिला अंगावर पिता येत नव्हते. पहिल्या दवाखान्यात कोणालाच काही उमगेना. सहा तास आम्ही चमच्याने दूध पाजत बसलो. ती एप्युलिस, म्हणजे हिरडीवरची साधी गाठ निघाली, काढली आणि पुन्हा आली नाही. गाठ कोठून उगवली आहे यावर सारे अवलंबून असते, म्हणून आईचा एमआरआय करून टाळू, गळा आणि मेंदूकडची बाजू पाहून घ्यावी.

उत्तर (परिचारिका): आणखी एक. पाणी वाढले की कळा मुदतीआधी सुरू होऊ शकतात. आपल्या तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस आपण जाणताच, ऐनवेळी रस्ता अडू शकतो, तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट न पाहता तिला शहरातच ठेवा. बालशस्त्रक्रिया, कान-नाक-घसा आणि भूल या तिन्ही विभागांचे डॉक्टर एकाच वेळी शस्त्रक्रियागृहात हजर राहतील का, हे बेळगाव, हुबळी, कोल्हापूर येथे आताच विचारून घ्या.

प्रश्नकर्ता: उद्या सकाळच्या गाडीने रिपोर्ट घेऊन बेळगावला निघतो. वहिनीला हे सारे वाचून दाखवले. ती दोन घास जेवली.