अनुभव धागा : नवी गाडी नावावर होण्याआधी काय काय तपासायचं?

पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी दारात यावी म्हणून बरेच जण आता बुकिंग करतायत. तपासणी, बिल, विमा, कर्ज यातलं ज्यांना नीट कळतं त्यांनी नेमकं लिहा.

पानापकड

क्रम महत्त्वाचा. चासिस नंबर अलॉट झाला की आधी पीडीआय (ताबा घेण्याआधीची तपासणी), मग उरलेले पैसे, मग बिल, विमा आणि आरटीओ. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य. मग दोष निघाला तर "रंग मारून देतो" एवढंच ऐकायला मिळतं. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये जत्रा असते, म्हणून तपासणी चार दिवस आधी, स्टॉकयार्डात, दिवसाउजेडी करा. गाडी धुतलेली हवी, पण पॉलिश मारलेली नको.

बॉनेट उघडून फेंडरचे आणि बिजागरांचे बोल्ट जवळून बघा. बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. का, ते विचारा. दाराचं रबर बोटाने जरा उचला. खाली रंगाची खरखरीत कड लागली तर ते पॅनेल पुन्हा रंगवलंय. बॉनेटखालच्या वायरी आणि इन्सुलेशन उंदरांनी कुरतडलंय का तेही पाहा. यार्डात उभ्या गाड्यांना हे हमखास होतं.

ब्रेक डिस्कवरच्या तांबूस गंजाला घाबरू नका. पाणी लागलं की येतो, दोन-चार ब्रेक मारले की जातो.

चाकोरी

टायरवर डीओटी (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 3825 म्हणजे 2025 सालचा 38वा आठवडा. पाचही टायर वाचा, स्टेपनी विसरू नका. टायर गाडीपेक्षा दोन-तीन महिने जुना असणं ठीक आहे. गाडीच्या नंतरचा निघाला तर तो बदललेला आहे.

गाडी कधी बनली? चासिस नंबर 17 अक्षरांचा. बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर सालाचं असतं: 2025 ला एस, 2026 ला टी. महिन्याची जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून महिना डीलरकडून लेखी घ्या आणि नंतर फॉर्म 21 वर (डीलरचा विक्री दाखला) तोच आहे का ते ताडून बघा. डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतली तरी आरसीवर जुनंच साल छापलं जातं आणि विकताना त्याचा फटका बसतो. तेवढी सूट आत्ताच मागा.

आणखी एक, वाहतुकीसाठी टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते. ताबा घेताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या, नाहीतर नवी गाडी उगाच आदळते.

हिशोबनीस

कोटेशन ओळीओळीने फोडून मागा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 20 लाखांपर्यंत 12, त्यावर 13. एक्स शोरूम किंमत 10 लाखांवर गेली की 1 टक्का टीसीएस (खरेदीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) लागतो. तो रिटर्न भरताना वळता होतो, सोडून देऊ नका. "हँडलिंग चार्जेस" ही ओळ सरळ काढायला लावा.

कर्जाचा दर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (उरलेल्या मुद्दलावरच व्याज), हे पहिलं विचारा. 8 लाख, 5 वर्षं, 5 टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता 16,667. रिड्युसिंगने 9 टक्क्यांना 16,607. म्हणजे ऐकायला स्वस्त वाटणारा 5 चा दर प्रत्यक्षात 9 च्याही वर आहे.

छत्री

विम्याबद्दल. नव्या कारला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) 3 वर्षांचा सक्तीचा, ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) 1 वर्षाचा चालतो. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. चासिस नंबर, इंजिन नंबर आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव एवढ्यावर बाहेर कोटेशन मिळतं. तुलना करताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) दोन्हीकडे सारखंच आहे ना ते बघा. आयडीव्ही खाली ओढून हप्ता कमी दाखवणं सोपं असतं.

जुनी गाडी विकताय? नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दलची सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ओन डॅमेजच्या हप्त्यात 50 टक्क्यांपर्यंत सूट नव्या गाडीवर लागू होते. हे पत्र पॉलिसी निघायच्या आधी हातात हवं.

पानापकड

एक राहिलं. बाहेरून म्युझिक सिस्टीम किंवा कॅमेरा बसवताना वायर कापू देऊ नका, कपलर टू कपलरच (प्लगला प्लग जोडून) बसवा. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारायला कारण मिळतं.