मन बरं नव्हतं तेव्हा हाताला काय काम मिळालं? कोकणातल्यांनो, अनुभव सांगा

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमचा तळमजला पूर्ण बुडाला. माणसं वाचली. पण त्यानंतर माझं असं झालं की पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मी उठून बसायचे, रात्री दोनला जिन्यावर जाऊन बॅटरी मारून बघायचे पाणी आलंय का, आणि हे पुढच्या वर्षीच्या पावसातही चालू होतं. घरात सांगणार कुणाला, सगळ्यांचं तेच. शेजारच्या काकूंकडे चिखलात गेलेल्या साड्यांचं गाठोडं होतं, कितीदा धुतल्या तरी डाग जाईनात. त्या म्हणाल्या, टाकवत नाहीत गं, चल गोधडी शिवूया. डागाचा भाग कापायचा, चांगला तुकडा ठेवायचा. आम्ही चार-पाचजणी दुपारी पडवीत बसायचो, पहिले काही दिवस नुसते टाके. मग एका दुपारी एकजण मान वर न करता म्हणाली, मी अजून रात्री उठून दारं तपासते. त्यावर सगळ्याच बोलल्या. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो असतो तर हे तोंडातून निघालंच नसतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

म्हणून विचारतेय. भजन, नाच, चित्र, शिवण, काहीही. चांगलं जमतं का हा प्रश्नच नाही. काय झालं होतं आणि सोबत कोण होतं ते लिहा. नाव नको.

कुडाळवाला:
मुंबईतली नोकरी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गेली आणि गावी आलो तो माजघरातून बाहेरच पडेना. आई दारात ताट ठेवून जायची. शेवटी तिनेच डॉक्टरकडे नेलं, डिप्रेशन निघालं, गोळ्या सुरू झाल्या. झोप लागायला लागली पण माणसांत जायची भीती तशीच. माझे काका दशावतारी कंपनीत, म्हणजे गावोगावच्या जत्रांत रात्रभर लोकनाट्य करणाऱ्या मंडळीत. जत्रा परत सुरू झाल्या तेव्हा घरी येऊन म्हणाले, "तुका कोण नाचूक सांगूक नाय, नुसतो पेटारो उचलूक ये." पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो, कंपनीवाले त्याची पूजा करतात, त्यामुळे ते काम हलकं नाही. महिनाभर मी तेवढंच केलं. पेटारा उतरवायचा, रंगायला बसलेल्यांना आरसा धरायचा, चहा आणायचा. सध्या काय करतोस रे, हे तिथे कुणीही विचारलं नाही, आणि गावात तर येताजाता हाच प्रश्न.

बाहेरच्यांना माहीत नसेल, दशावतारात लिहून ठेवलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, पण वाक्यं ज्याची त्याने तिथल्या तिथे बोलायची. एका रात्री एकजण आजारी पडला आणि मला राक्षसाचं सोंग दिलं, दोनच प्रवेश. मी म्हटलं, काका, माका बोलूक सुचना नाय. ते म्हणाले, "नुसतो आरड, पुढचा मी बघतंय." मी ओरडलो. इतकी वर्षं आत दाबलेलं सगळं घेऊन ओरडलो, पखवाजवाल्याने त्याच आवाजावर थाप दिली आणि समोर राजा झालेल्या काकांनी माझा तुटका शब्द उचलून त्याचं पूर्ण वाक्य केलं. माझा शब्द कुणीतरी उचलून पुढे नेतंय असं फार दिवसांनी झालं. उतरून रडलो, तोंडावरचा रंग सगळा गळ्यापर्यंत आला.

देवगडवाली:
@कुडाळवाला वाचून गलबलून आलं. पण रात्रभर जागरण आणि गोळ्या, ते कसं जमवता? माझ्या भावाला डॉक्टरांनी झोपेचं फार कडक सांगितलंय.

कुडाळवाला:
बरोबर विचारलंत. मी दोनदा गोळी चुकवली आणि आठवडाभर परत खाली गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी नाटक सोड म्हटलं नाही, पण आता आठवड्याला एकच रात्र आणि दुसऱ्या दिवशी झोप ठरलेली. काकांनाच सांगून ठेवलंय, तेच मला हाकलतात.

दापोलीची सून:
माझं छोटंसं. बाळंतपणानंतर मला बाळाला जवळ घ्यावंसंच वाटेना आणि त्याचीच लाज वाटायची. घरचे म्हणायचे दृष्ट लागलीय. सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई महिला भजनी मंडळात आहेत, त्या मला एका एकादशीला बाळासकट घेऊन गेल्या. टाळ हातात दिले. बाळ कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर फिरत होतं आणि तासभर मला कुणीही आई म्हणून तपासत नव्हतं.

नर्सताई, गुहागर तालुका:
दापोलीच्या ताई, ही दृष्ट नव्हे, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्यावरचा अहवाल काढला, तीन हजारांहून जास्त अभ्यास बघितले त्यात, तिथे गाण्याचा फायदा अशा आयांना होतो हेही आलंय. भजन सोडू नका, पण डॉक्टरला दाखवाच. एकदम असह्य झालं तर टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. बाळाचं किंवा स्वतःचं वाईट करावं असे विचार आले तर मात्र लगेच कुणाला तरी सोबत घेऊन दवाखाना गाठायचा, एकादशीची वाट बघायची नाही.

श्रीवर्धन:
निसर्ग वादळ, ३ जून २०२०. बाबांची पोफळीची वाडी एका दुपारी आडवी झाली. परत लावली तरी फळ धरायला किती वर्षं जातात आणि बाबांचं वय काय. बोलणंच थांबलं त्यांचं. पडलेल्या नारळांच्या करवंट्यांचा ढीग होता, एकदा बघितलं तर काचेच्या तुकड्याने करवंटी तासत बसलेले. आमटी वाढायचे डाव केले, दांडा बांबूचा. आधी आईला, मग वाडीतल्या प्रत्येक घरात एकेक नेऊन दिला. देण्याच्या निमित्ताने प्रत्येक ओट्यावर बसणं झालं. बाग हा विषय ते अजूनही काढत नाहीत, आणि मीही काढत नाही.

रत्नागिरीकर:
मला उलटा अनुभव आलाय, तोही इथे असावा. एका शिबिरात दुःखाचं चित्र काढा म्हणाले, काढलं, मग सगळ्यांसमोर समजावून सांगा म्हणाले. दोन महिने ब्रशला हात लावला नाही. आता घरी काढतो, फक्त बायको बघते. कुणाला चित्र काढायला बसवत असाल तर एवढं पाळा, दाखवायची सक्ती नको.

सावंतवाडी:
ही गेल्यावर संध्याकाळ खायला उठायची. मित्राने गंजिफा आणल्या, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते. दशावताराच्या १२० गोल चकत्या, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. नियम आठवायला दोघांनाही वेळ लागतो, तेवढ्यात दिवेलागण होते. आता मी पुठ्ठ्यावर मत्स्य काढायला शिकतोय. हात थरथरतो त्यामुळे खवले बरे येतात.

वाचणारी:
मी चिपळूणचीच. लिहिण्यासारखं काही नाही माझ्याकडे आणि शिवताही येत नाही. तरी पडवीत येऊन बसलं तर चालेल का?

धागाकर्ती:
ये गो. आमच्यात चौघींना चष्मे, सुईत दोरा ओवायलाच माणूस हवंय. दुपारी तीननंतर कधीही.