शब्दचर्चा: तारतम्य, तफावत, दुजाभाव

बेळगावहून

मंडळी, नमस्कार. इथल्या एका महिला बचत गटासाठी कन्नड पत्रकाचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलंय. सोबत कुणीतरी आधी केलेला कच्चा मराठी मसुदाही आहे. मूळ कन्नडात ‘लिंग तारतम्य’, ‘वेतन तारतम्य’, ‘जाति तारतम्य’ असे शब्द आहेत आणि मसुद्यात ते जसेच्या तसे उचलले आहेत. त्यामुळे एक ओळ अशी झाली आहे: ‘स्त्री-पुरुषांच्या पगारात तारतम्य नको.’ कन्नड शाळेत शिकलेल्या बाईला ती बरोबर कळेल. मराठी शाळेत शिकलेली बाई मात्र विचारेल, पगार ठरवताना तारतम्य का नको? असायलाच हवं की!

मराठीत तारतम्य हा गुण आहे. ‘बोलताना तारतम्य बाळगावं’, ‘एवढ्या मोठ्या माणसाला तारतम्य नाही’ असं आपण म्हणतो. कन्नडात तोच शब्द अन्यायाचं नाव आहे. मूळ दोघांचं एकच, संस्कृतातले ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय: लघु, लघुतर, लघुतम. म्हणजे कमीजास्तपणाची चढण. तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांच्या द्वैत मतात तर ‘तारतम्य’ ही मोठी संज्ञा आहे, जीवाजीवांतला चढउतार सांगणारी. ही चढण ओळखण्याची समज ती मराठीने उचलली, आणि तीच चढण माणसांना लावण्याची वागणूक ती कन्नडाने.

माझा प्रश्न सरळ आहे. पत्रकात या ‘तारतम्या’साठी काय घालू? विषमता, असमानता, तफावत, दरी, भेदभाव, दुजाभाव, सगळे डोळ्यांसमोर आहेत. वाचणाऱ्या बाया शेतावर, वीटभट्टीवर, लोकांच्या घरी कामाला जाणाऱ्या आहेत.

निपाणीहून

ताई, ‘तफावत’ अजिबात घालू नका. तो अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला शब्द आणि त्याचं घर हिशेबात आहे. रोकड आणि खातेवही जुळली नाही की तफावत. काट्यावरच्या वजनात तफावत. आता क्रियापद लावून बघा. तफावत ‘येते’, ‘पडते’, ‘आढळते’, कुणी ती ‘करत’ नाही. दरीचंही तसंच: ‘गरीब-श्रीमंतांतली दरी रुंदावली.’ कुणी रुंदावली? वाक्य सांगत नाही. ‘विषमता’ असते, वाढते, फार तर नांदते. पण भेदभाव, दुजाभाव, पंक्तिप्रपंच यांना ‘करणे’ लागतं, आणि ‘करणे’ आलं की कर्ता शोधावा लागतो. मजुरीच्या पत्रकात कर्ता हवाच. पगार आभाळातून कमी पडत नाही, कुणीतरी तो कमी ठरवतं.

‘आहे रे’ आणि ‘नाही रे’ ही जोडीही कुणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. भाषणात ती छान वाजते, आमच्या गावात मात्र अपुरी पडते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथे शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. व्यापाऱ्यापुढे तो शेतकरी ‘नाही रे’च होता. पण तोच तंबाखू पुढे वखारीत गेला की तो चाळायला, निवडायला बाया बसायच्या. दिवसभर नाकातोंडात ती धूळ. त्याच दशकात त्याही संघटित झाल्या आणि मजुरीसाठी लढल्या. त्यांच्या शेजारी उभं केलं की रानाचा मालक असलेला शेतकरी ‘आहे रे’ ठरतो. त्या बायांतही कुणाच्या नावावर अर्धा एकर होता, कुणाच्या नावावर काहीच नाही, आणि कुणाला गावच्या आडावर घागर भरायचीही मोकळीक नाही. एकाच पानावर इतके थर. दोन शब्दांत ते कसे मावणार?

खानापूरहून

थर म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या तालुक्याची माती कौलांना आणि मडक्यांना नावाजलेली. ‘उतरंड’ हा शब्द आम्हाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. मोठं मडकं तळाला, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. ‘जातीची उतरंड’ म्हणणाऱ्याला जे सांगायचं असतं ते असं की तळाच्यावर सगळ्यांचा भार, आणि मधल्या प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहेच. बाबासाहेबांच्या लिखाणातली जी कल्पना आपण ‘श्रेणीबद्ध विषमता’ अशी मराठीत आणतो, ती हीच. वरचा मला दाबतो याचं दुःख, पण माझ्या खाली कुणी आहे याचं समाधान. म्हणून सगळे मिळून उठत नाहीत.

ताईंच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की ‘श्रेणीबद्ध विषमता’ हे आपल्याला दोन जड शब्दांत म्हणावं लागतं आणि कन्नडाचं ‘तारतम्य’ ते एका शब्दात म्हणतं. तर आणि तम, पायरीवर पायरी. मला तो शब्द सोडवत नाही. पण मराठीत त्याचा चांगला अर्थ इतका पक्का बसलाय की या पत्रकापुरता सोडावाच लागेल.

हाच तर-तम सरकारी कागदातही बघायला मिळतो. प्रादेशिक असमतोलावर नेमलेल्या डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीचा अहवाल २००२ साली आला. त्यात कर्नाटकातल्या १७५ तालुक्यांपैकी ११४ मागास ठरले: ३९ सर्वांत मागास, ४० अधिक मागास, ३५ मागास. मागास, मागासतर, मागासतम! महाराष्ट्रात अशा वेळी राहून गेलेल्या विकासाला ‘अनुशेष’ म्हणतात, तिथल्या अशाच दांडेकर समितीपासून रुळलेला शब्द. आमच्याकडे तो फारसा ऐकू येत नाही. मला तो आवडतो. ‘शेष’ म्हणजे बाकी, आणि बाकी म्हटलं की देणेकरी आला.

चिकोडीहून

‘दुजाभाव’वर थोडं थांबू या. हा शब्द सीमाभागात १९५६ पासून आपल्या तोंडी आहे, जोडीला ‘सापत्न वागणूक’. मराठीत सरकारी कागद मिळत नाहीत, पाट्यांवर मराठी नाही, शाळेला शिक्षक मिळत नाही, या सगळ्याला आपण दुजाभाव म्हणतो, आणि तो आहेच. गंमत नाही, खरंच सांगते, उत्तर कर्नाटकातली कन्नड माणसं बंगळूरबद्दल हुबेहूब हेच म्हणतात: ‘मलताई धोरणे’. मलताई म्हणजे सावत्र आई. २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, उभी राहिली तीही याच तक्रारीच्या पोटी. म्हणजे आपण आणि आपले कन्नड शेजारी, दोघेही वरच्याकडे बोट दाखवताना एकच आई आठवतो.

पण गावाच्या आत या शब्दाचं काय होतं बघा. जत्रेत कुणाला पहिल्या पंगतीत बसवायचं, कुणाला शेवटी, कुणाला ताट घरी पोचवायचं. हॉटेलात कुणाचा कप वेगळा. शहरात खोली भाड्याने देताना आडनाव का विचारायचं. याला दुजाभाव म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. त्याला ‘रीत’ म्हणतात. ‘पहिल्यापासून असंच हाय’ म्हणतात. वरून आपल्याला मिळाला तर दुजाभाव आणि आपण खाली दिला तर रीत, हे मला पटत नाही. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडं. आज तो लेखांत आणि अग्रलेखांत अलंकारासारखा येतो. आमच्या भागात तो अक्षरशः खरा होता, काही गावांत अजून आहे.

आणखी एक. ‘मागास’ हा शब्द पत्रकात असेल तर त्याचाही विचार करा. मागासला म्हणजे जणू स्वतःच चालता चालता मागे पडला. कन्नडाचा ‘हिंदुळिद’ही तसाच, मागे राहिलेला. कुणी मागे ठेवलं ते दोन्हींत दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वी याच पट्ट्यात अधिक धारदार शब्द वापरात होता. १९२० च्या मार्चमध्ये कागल संस्थानातल्या माणगावला शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर ज्या परिषदेला एकत्र आले ती ‘बहिष्कृत’ वर्गाची परिषद होती. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीत बाबासाहेब आले तेही प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी. बहिष्कृत म्हणजे बाहेर टाकलेला. टाकणारा कोण, हा प्रश्न त्या शब्दातच बसलेला आहे. सरकारी भाषेत ‘मागासवर्गीय’ आलं, सवलती मिळाल्या, त्यांची गरज होतीच; पण तो प्रश्न शब्दातून निघून गेला. ‘दलित’ने तो परत आणला.

बेळगावहून

सगळ्यांचे आभार. निपाणीच्या दादांची क्रियापदाची कसोटी मी पत्रकभर लावली आणि बरंच बदललं.

‘वेतन तारतम्य’साठी एक शब्द शोधणं सोडलं. गावात जसं बोलतात तसंच लिहिते: ‘एकाच कामाला गड्याला एक पगार आणि बाईला एक, असा भेद मालकाने करू नये.’ त्याखाली समान वेतनाचा कायदा एका ओळीत सांगितलाय. रोजगार हमीत बाई-गडी दोघांना सारखीच मजुरी असते हेही घातलंय, पण ‘उद्योग खात्री’ या कन्नड नावाने, कारण इथल्या मराठी बायाही तसंच म्हणतात.

‘लिंग तारतम्य’ला ‘मुलगा-मुलगी असा दुजाभाव’. शिकवण्यात, जेवणात, औषधपाण्यात कोण करतं ते प्रत्येक घराला माहीत आहे.

चिकोडीच्या ताई, पंक्तिप्रपंच मी घेतलाय, पण जिथे खरोखर पंगतीबद्दल बोलायचंय तिथेच. ‘मागास वस्ती’ खोडून वस्त्यांची आजची नावं लिहिली, लोकांनी स्वतः ठेवलेली.

पत्रक एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी असं छापायचं आहे आणि पुष्कळ बाया दोन्ही वाचतात. म्हणून तळाशी बारीक अक्षरात टीप देतेय: कन्नड ‘तारतम्य’ म्हणजे मराठी ‘भेदभाव’, मराठी ‘तारतम्य’ म्हणजे कन्नड ‘विवेचने’.

राहिलं ‘जाति तारतम्य’. त्याला ‘जातीवरून केलेला भेद’ असं लिहिलंय. मथळा ओळीत बसत नाही, ‘जातिभेद’ करा, असा छापखान्यातून फोन आला होता. अक्षर बारीक करा म्हटलं, ‘केलेला’ काढू नका.