मदत हवी आहे: सौर प्रकल्पासाठी मागितलेल्या गायरानात पाणथळ आहे, पाहणी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, भीमेच्या खोऱ्यातलं. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गावच्या गायरानातली तीसेक एकर जागा सौर प्रकल्पासाठी मागितली आहे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचं ठरतंय. म्हणून घाईनं हा धागा काढतेय.

आधीच सांगते, प्रकल्पाला माझा विरोध नाही. तो यावा असं मनापासून वाटतं. आमच्याकडे शेतीची लाईट पाळीपाळीनं येते. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस बारा-एकला बॅटरी घेऊन बांधाबांधानं मोटर चालू करायला जातो, आणि तो घरी येईपर्यंत बायको-आई जाग्या असतात. शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळाली तर हे थांबेल. गावात कुणाला हे समजावून सांगायला लागत नाही.

अडचण जागेची आहे. गायरानाचा वरचा भाग मुरमाड आणि उताराचा. तिथं खुशाल पॅनल बसवा. खालचा सहा-सात एकरांचा तुकडा मात्र खोलगट, काळ्या मातीचा. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं आणि परतीचा पाऊस बरा झाला तर संक्रांतीपर्यंत राहतं. ते कुणी बांधलेलं नाही, कसला बंधारा नाही. जनावरं तिथं पाणी पितात, खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा पाझर आहे. दिवाळीनंतर शेकाटे, तुतवार, हळदी-कुंकू बदकं उतरतात, एखाद्या वर्षी चित्रबलाकही.

कंपनीच्या लोकांनी पाहणी केली मे महिन्यात. अहवालात या तुकड्याबद्दल एकच ओळ आहे: सपाट, पडीक, झाडोरा नाही. मी तो कागद वाचून दुसऱ्या दिवशी तिथं गेले. जमीन भेगाळलेली होती, पण भेगांमध्ये गोगलगायींचे पांढरे शंख पडले होते. तालीमखान्याचे वाळलेले काटेरी दांडे ओळीनं उभे होते, पाणी जिथवर येतं बरोबर तिथवर. त्याच्या वर हातभर अंतरावर एकही नाही. बाभळींच्या बुंध्यावर गाळाची रेघ माझ्या गुडघ्याच्या वर होती. म्हणजे भर उन्हाळ्यातही ती जागा सांगत होती, पण तेवढं कुणी बघितलं नाही.

चौकशी केली तर कळलं की सौर प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही. मग हे तपासायचं कुणी? मोजणी झाली आहे, पण मोजणीत हद्द कळते, उंचसखल कळत नाही. सातबाऱ्यावर सगळा एकच गट आहे, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा दाखवलेला नाही.

पाणथळाची हद्द आखून मिळेल अशी पाहणी कोण करतं? ती आम्हाला स्वतःला करता येईल का, आणि केली तर अधिकारी ती मानतील का? सरपंच चांगले आहेत, पण त्यांना पुरावा हातात हवा. "आम्हाला माहीत आहे" एवढ्यावर ते कंपनीशी बोलू शकत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

– माळावरची

गुंठाभर:
ताई, उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, तिथून सुरुवात करा. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासूनची आहेत. त्यातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, साधारण एक गुंठा. सहा एकरांचं पाणी त्यात स्पष्ट दिसेल. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा सेंटिनेल-१ बघा, ते रडार असल्यानं ढगांतूनही दिसतं. त्याहून जुनं हवं असेल तर अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांवरून केलेला पृष्ठजलाचा (जमिनीवर साचलेल्या पाण्याचा) नकाशा १९८४ पासूनचा आहे. त्याचा ठिपका मोठा, नऊ गुंठ्यांचा, पण जुना काळ दाखवायला पुरतो.

दरवर्षीचं मे आणि नोव्हेंबरचं चित्र शेजारी शेजारी लावा, तारखांसकट. गट नंबरची हद्द महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून घेऊन त्यावर टाका. सरपंचांना असाच कागद हवा आहे. एक लक्षात ठेवा, पाण्यावर गवत किंवा पाणकणीस वाढलं की उपग्रहाला ते शेतासारखं हिरवं दिसतं. त्यामुळे कडेची हद्द चित्रावरून ठरवू नका, ती जागेवर चालूनच काढायची. गट नंबर निरोपातून पाठवलात तर चित्रं मी काढून देतो.

फौजदारीवाला:
कायद्याची बाजू. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत नैसर्गिक, तात्पुरतं साचणारं पाणीही येतं. नदीपात्र, भातखाचरं आणि पिण्यासाठी, सिंचनासाठी वगैरे मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. तुमचं तळं बांधलेलं नाही, हा मुद्दा लेखी मांडा. मात्र नियमांतली बंदी लागते ती अधिसूचित पाणथळांना आणि रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची ठरलेली पाणथळं). नुसत्या व्याख्येवर विसंबू नका.

याशिवाय सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१७ चा आदेश आहे. इस्रोच्या अहमदाबाद केंद्रानं केलेल्या यादीतल्या, २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळांना त्यानं संरक्षण दिलं. २.२५ हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. तुमचा तुकडा अगदी त्या रेषेवर आहे, म्हणून क्षेत्र नेमकं मोजणं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं. यादीत नाव आहे का ते बघा. नसेल तर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, प्रत राज्य पाणथळ प्राधिकरणाला.

आणि गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असेलच. लोक जैवविविधता नोंदवहीत या तळ्याची नोंद आजच करून घ्या. पक्ष्यांच्या नोंदी तारीखवार ठेवा.

रोखठोक:
सहा एकरांच्या डबक्यासाठी प्रकल्प शेजारच्या गावाला जाईल, मग बसा रात्री मोटर चालू करत. कंपनीला जागांची कमी नाही.

साईट इंजिनिअर:
रोखठोक, ही भीती खरी आहे, पण हिशेब बघा. एका मेगावॉटला चार ते पाच एकर लागतात. खालचा तुकडा सोडला तरी वर पाच मेगावॉटच्या आसपास बसेल. माझ्या अनुभवात अशा जागेचा त्रास पुढे कंपनीलाच होतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, खांब हलतात. पाण्यात इन्व्हर्टर आणि केबलचे जोड टिकत नाहीत. मग मुरुमाचा भराव टाकतात, आणि तिथं साचणारं पाणी शेजारच्याच्या उभ्या पिकात जातं. भांडणं तिथून लागतात.

ताई, कंपनीकडून अर्ध्या मीटरच्या अंतरानं समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणारा नकाशा मागा. तो त्यांना आखणीसाठी तसाही करावा लागतो. त्यावर तुमची बुंध्यावरची गाळाची रेघ ज्या उंचीला येते ती रेषा लाल करा. पाणी कुठवर येतं ते कुणालाही दिसेल.

हिमनदीकाठी:
मी अमेरिकेत मिनेसोटात हेच काम करतो. इथे सौर प्रकल्पाची आखणी करण्याआधी पाणथळाची हद्द काढतात. पद्धत १९८७ च्या नियमपुस्तिकेवर चालते आणि तीन गोष्टी एकत्र बघायच्या असतात: पाण्याच्या खुणा, झाडं आणि माती. पहिल्या दोन तुम्ही मे महिन्यातच टिपल्या आहेत, आणि नेमक्या टिपल्या आहेत.

मातीसाठी कोरड्या भागापासून ओल्याकडे एक सरळ ओळ धरा आणि ठरावीक अंतरावर दीड-दोन फुटांचे खड्डे घ्या. जिथं पाणी बरेच दिवस राहतं तिथली माती करडी पडते आणि मुळांच्या वाटांवर गंजासारख्या रेघा दिसतात. काळ्या मातीत हे रंग सहज कळत नाहीत. म्हणून काळी माती संपून मुरूम लागतो त्या कडेला जास्त खड्डे घ्या. प्रत्येक खड्ड्याचा फोटो मोजपट्टी ठेवून काढा. जिथं तिन्ही खुणा संपतात तिथं खुंटी ठोका, मोबाईलवर अक्षांश-रेखांश टिपा. खुंट्या जोडल्या की झाली हद्द. सही मात्र वनस्पतिशास्त्राच्या किंवा मृदाशास्त्राच्या प्राध्यापकाची घ्या. अधिकारी त्यावर विश्वास ठेवतात.

माळावरची:
सगळ्यांचे आभार. गुंठाभर, निरोप पाठवला आहे.

रोखठोक, तुमच्यावर राग नाही. गावातही निम्मे लोक हेच म्हणतात आणि त्यांच्या घरातही रात्री कुणीतरी मोटरवर जातं. म्हणूनच मला नकार नको आहे, हद्द हवी आहे.

काल सरपंचांशी बोलले. समोच्च नकाशा मागायला ते तयार आहेत. तालुक्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन येणार आहेत. आमच्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, तेव्हा पाणी भरलेलं असताना खुंट्या ठोकायच्या असं ठरतंय. पण मग १५ ऑगस्टच्या ठरावाचं काय करावं? विषय पुढे ढकलला तर कंपनी थांबेल का?

साईट इंजिनिअर:
ढकलू नका. ऑगस्टमध्ये वरच्या मुरमाड भागापुरता ठराव घ्या आणि त्यातच लिहा की खालच्या भागाचा निर्णय पाणथळाची हद्द आखल्यावर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत होईल. कंपनीचं काम वर सुरू होऊ शकतं, त्यांना थांबायचं कारण उरत नाही.

फौजदारीवाला:
सहमत. ठरावात गट नंबर, अंदाजे क्षेत्र आणि "भराव टाकणार नाही, नैसर्गिक निचरा अडवणार नाही" ही अट शब्दशः घाला. ठरावाची प्रत त्याच आठवड्यात तहसीलदारांना आणि महावितरणच्या कार्यकारी अभियंत्यांना द्या आणि पोच घ्या. मसुदा इथे टाका, मी बघून देतो.